‘मी योग्य नव्हे’ असें म्हणणाऱ्यांचा इतिहास

या स्मरणिकेसाठीं कांहीं ऐतिहासिक लिहावें अशी सूचना झाली, तेव्हां ‘हें काम माझ्याच्यानें होणार नाहीं, कोणा विद्वानास सांगावें’ हेंच उत्तर प्रथम ओठांवर आलें. मग मनांत आलें कीं, हेंच उत्तर आपण सर्वजण किती वेळां देतों! रविवारच्या मिस्सेंत शास्त्रवाचन करण्यास बोलाविलें, मुलांस धर्मशिक्षण देण्यास सांगितलें, आजाऱ्याच्या घरीं जपमाळेची प्रार्थना चालविण्यास विनविलें, कीं आपण एक पाऊल मागें घेतों. तेव्हां लिहावयाचेंच तर या उत्तराचा इतिहास कां लिहूं नये? कारण आश्चर्य असें कीं, पवित्र ख्रिस्तसभेचें काम ज्यांच्या हातून झालें त्यांपैकीं पुष्कळांच्या मुखीं आरंभीं हेंच उत्तर होतें.

आमच्या नेसरीचें नांव घेतलें कीं महाराष्ट्रांतील शाळकरी मुलालाहि एकच गोष्ट आठवते. सन १६७४ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २४ तारखेस सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती, असे सात घोडेस्वार येथील खिंडींत विजापूरचा सरदार बहलोलखान याच्या सैन्यावर तुटून पडले आणि सातहि जण धारातीर्थीं पडले. आदल्या वर्षीं, म्हणजे १६७३ त, उमराणीजवळ कोंडींत सांपडलेल्या याच खानास प्रतापरावांनीं तो शरण आला म्हणून सोडून दिलें होतें. खान पुन्हां उलटला. शिवाजी महाराजांनीं कडक शब्दांत दोष दिला, आणि तो शब्द त्या मानी पुरुषाच्या जिव्हारीं लागला. त्या स्वामिनिष्ठेस या मातींत वाढलेला प्रत्येकजण, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, मुजराच करील.

परंतु त्या खिंडींतून जातां येतां एक प्रश्न मनांत उभा राहतो. प्रतापराव शूर होते. मरणाचें भय त्यांना नव्हतें, अपयशाचा डाग तेवढा सोसवत नव्हता. पण जे शूर नाहींत त्यांचें काय? ज्यांचे पाय लटपटतात, चार माणसांसमोर ज्यांचा शब्द घशांत अडकतो, आणि आपल्या हातून कांहीं व्हावयाचें नाहीं असें ज्यांना मनापासून वाटतें, त्यांना परमेश्वराच्या सेवेंत जागा आहे कीं नाहीं? ज्या दिवशीं ते सात वीर या खिंडींत पडले, त्याच दिवसांत घाटाखालीं गोव्यांत बाणावली गांवचा एक बावीस वर्षांचा तरुण धर्मगुरु होण्यासाठीं अध्ययन करीत होता. त्याच्या हातीं पुढें तलवार आली नाहीं, जपमाळ आली. त्याची कथा यथाक्रम येईलच. आधीं मुळाकडे जाऊं.

शास्त्रांतील भ्यालेले

जळत्या झुडपांतून परमेश्वरानें मोशेला हांक मारली तेव्हां मोशे अडाणी नव्हता. फारोच्या वाड्यांत वाढलेला होता. तरी त्यानें एकामागून एक सबबी पुढें केल्या. मी कोण जाणारा, लोक माझ्यावर विश्वास ठेवणार नाहींत, माझी जीभ जड आहे, असें म्हणत म्हणत शेवटीं त्यानें दुसऱ्या कोणास तरी पाठवावें अशीच विनंती केली. परमेश्वरानें त्याची जीभ हलकी केली नाहीं. त्याचा भाऊ अहरोन सोबतीस दिला. यिर्मयानें आपलें कोवळें वय पुढें केलें. पेत्रानें तर माशांनीं भरलेलें जाळें पाहतांच प्रभूच्या पायां पडून, आपण पापी आहों, आपल्यापासून दूर व्हावें, अशी विनवणी केली. आणि तोच पेत्र पुढें एका दासीच्या प्रश्नाला भ्याला. संत पौलानें करिंथ येथील मंडळीस स्वतः कळविलें आहे कीं, त्यांच्या नगरांत आपण आलों ते दुबळे होऊन व कांपऱ्या अंगानें आलों.

आतां परमेश्वरानें यांना काय उत्तर दिलें तें पाहण्यासारखें आहे. तूं योग्यच आहेस, उगाच शंका घेतोस, असें त्यानें कोणासहि म्हटलें नाहीं. मोशेला, यिर्मयाला आणि करिंथांत रात्रीच्या दर्शनांत पौलाला त्यानें एकच वचन दिलें: मी तुझ्या संगतीं राहीन. योग्यतेचा प्रश्न त्यानें सोडविला नाहीं, तो बाजूस ठेवला. पुढील सर्व कथांचें मर्म या एका गोष्टींत आहे.

वसईचे गोन्सालो

हिंदुस्थानच्या भूमींत जन्मलेले पहिले संत म्हणून संत गोन्सालो गार्सिया यांचें नांव आपणांस ठाऊक आहे. सुमारें १५५६ सालीं ते वसई येथें जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इकडचीच. गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ सालीं वसई पोर्तुगिजांच्या ताब्यांत गेली होती, आणि येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं तेथें विद्यालय चालविलें होतें. त्या विद्यालयांत गोन्सालो शिकले. १५७२ त, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीं, आपले गुरु फादर सेबास्तियांव गोन्साल्विस यांच्याबरोबर ते जपानास गेले.

तेथें त्यांनीं जपानी भाषा लवकरच आत्मसात केली आणि सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षक म्हणून येशूसंघीयांच्या हाताखालीं काम केलें. मुलांस शिकवावें, घरोघरीं जावें, परदेशी धर्मगुरूंचा शब्द लोकांस समजेल अशा रीतीनें सांगावा, हें त्यांचें काम होतें. त्यांची इच्छा एकच होती कीं, आपणांस येशूसंघांत घ्यावें. ती विनंती मान्य झाली नाहीं. त्या काळीं हिंदुस्थानांत जन्मलेल्या व मिश्र रक्ताच्या तरुणांस धर्मसंघांत प्रवेश देण्यास वरिष्ठ मंडळी नाखूष असत. ही त्या काळाची उणीव होती आणि ती कबूल करण्यांत ख्रिस्तसभेचा कमीपणा नाहीं.

वाचकहो, येथें क्षणभर थांबूं या. आपण नालायक आहों ही शंका कधीं आपल्याच मनांत उगवते, तर कधीं ती दुसऱ्यांच्या वागण्यानें मनांत पेरली जाते. या दुसऱ्या प्रकारची शंका अधिक खोल जाते. आठ वर्षें राबल्यानंतर ‘तूं आमच्यांतला नव्हेस’ असें उत्तर मिळालेला मनुष्य एक तर कडवट होतो किंवा स्वतःविषयीं कायमचा निराश होतो. गोन्सालो मकावकडे निघून गेले आणि व्यापार करूं लागले. व्यापार चांगला चालला. पूर्वेकडील बंदरांतून त्यांची देवघेव वाढली. आतां त्यांच्याजवळ एक निर्दोष सबब तयार होती. मी सेवा मागितली, मला नकार मिळाला, माझें कर्तव्य संपलें, असें ते म्हणते तर त्यांना कोण नांवें ठेवणार होतें?

पण धंद्याच्या भरभराटींत तें मन रमलें नाहीं. फिलिपाईन बेटांतील मनिला येथें त्यांची फ्रान्सिस्कन साधूंशीं गांठ पडली. त्या अनवाणी, दरिद्री साधूंच्या जीवनानें ते ओढले गेले. जमविलेलें सर्व सोडून ते त्या संघांत शिरले, आणि तेंहि धर्मगुरु म्हणून नव्हे, साधा बंधु म्हणून. मोठें दार बंद झालें होतें. लहान दार उघडें होतें, त्यांतून ते वांकून आंत गेले.

आतां परमेश्वराची योजना पाहा. १५९३ सालीं मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरानें जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून पाठविलें. मिशनऱ्यांनीं देश सोडावा असा हिदेयोशीचा १५८७ चा हुकूम अजून उठला नव्हता. अशा दरबारांत बोलावयाचें तर जपानी भाषा व तेथील रीतरिवाज जाणणारा मनुष्य हवा होता. तो मनुष्य म्हणजे बंधु गोन्सालो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानें जी भाषा शिकली, ज्या सेवेच्या शेवटीं नकार मिळाला, तीच भाषा आतां वकिलातीची किल्ली झाली. आपली पहिली सेवा वाया गेली असें त्यांना कधीं वाटलें असेल तर त्याचें उत्तर त्या दिवशीं मिळालें.

हिदेयोशीनें या साधूंस राहण्याची परवानगी दिली. क्योतो येथें त्यांनीं लहानसें देवालय बांधलें आणि कुष्ठरोग्यांसाठीं इस्पितळें उघडलीं. ज्यांना आप्तांनीं टाकलें होतें त्यांच्या जखमा हे परदेशी साधु व त्यांचे जपानी सोबती धूत असत. तीन वर्षें हें काम चाललें. मग १५९६ च्या शरदांत ‘सान फेलिपे’ नांवाचें स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील मालाच्या जप्तीवरून तंटा झाला, आणि मिशनऱ्यांच्या मागोमाग स्पेनची फौज येते असा संशय हिदेयोशीच्या मनांत बळावला. डिसेंबरांत साधूंच्या मठावर पहारा बसला. जानेवारीच्या आरंभीं चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना गाड्यांतून शहरांत फिरविलें, आणि ऐन थंडींत नागासाकीकडे चालविलें. हा प्रवास सुमारें महिनाभर चालला. वाटेंत आणखी दोघे त्यांत सामील केले गेले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांस क्रूसांवर चढवून भाल्यांनीं भोसकलें. परंपरा सांगते कीं, सर्वांत आधीं क्रूसावर चढविले गेले ते वसईचे गोन्सालो. ज्यांना एका संघाच्या उंबरठ्यावरून परत जावें लागलें, त्यांना प्रभूच्या क्रूसाच्या अगदीं जवळची जागा मिळाली. आणि येशूसंघाचेहि तीन जपानी सदस्य, पाउलो मिकी व त्यांचे दोन सोबती, त्याच टेकडीवर त्यांच्या शेजारीं होते. पृथ्वीवर ज्या रांगेंत त्यांना जागा मिळाली नव्हती, ती रांग तेथें एकच झाली. पोप आठवे उर्बान यांनीं १६२७ त त्यांना धन्यवादित म्हणून जाहीर केलें आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं सव्वीसहि जणांस संतपद दिलें.

त्याच टेकडीवरील आणखी तिघे

या सव्वीस जणांत फेलिपे दे हेसुस नांवाचा मेक्सिकोचा एक तरुण होता. पहिल्या उमेदींत तो फ्रान्सिस्कन संघांत शिरला. नियम कडक वाटले, धीर सुटला, आणि झगा उतरवून तो घरीं परतला. बापानें त्याला व्यापारासाठीं फिलिपाईन्सला धाडलें. तेथें त्याला पुन्हां तीच हांक ऐकूं आली. एकदां पळून गेलेल्याला दुसऱ्यांदा त्याच दारावर थाप मारावयाची तर केवढी लाज गिळावी लागते, तें ज्याला गिळावें लागलें असेल त्यालाच कळेल. फेलिपेनें ती गिळली. संघानें त्याला घेतलें. याजकीय दीक्षेसाठीं तो मायदेशीं परत निघाला होता तो त्याच ‘सान फेलिपे’ जहाजावर! दीक्षा मिळावयाची राहिली, क्रूस मिळाला. जो एकदां भिऊन पळाला तो आज मेक्सिकोचा पहिला संत म्हणून पूजिला जातो.

दुसरा मनुष्य मथियास. शिपायांच्या यादींत मथियास नांवाचा कोणी एक होता, पण हांक मारली तेव्हां तो सांपडेना. तेव्हां शेजारचा एक साधा ख्रिस्ती माणूस पुढें आला आणि म्हणाला कीं, आपलेंहि नांव मथियास आहे आणि आपणहि ख्रिस्ती आहों. शिपायांना तेवढें पुरलें. त्याला कोणी निवडलें नव्हतें, कोणी शिकवून तयार केलें नव्हतें. नांव पुकारलें गेलें आणि उत्तर द्यावयास कोणी नाहीं, एवढेंच त्यानें पाहिलें.

तिसरा लुईस इबाराकी, वय अवघें बारा वर्षें. ख्रिस्ताला सोडलेंस तर जीव वांचेल असें त्याला सांगण्यांत आलें, तेव्हां त्यानें नकार दिला. वयाची सबब सांगण्याचा अधिकार कोणास असेल तर तो त्याला होता, आणि त्यानेंच ती सांगितली नाहीं.

बाणावलीचा भिकारी

आतां त्या बावीस वर्षांच्या तरुणाकडे वळूं. संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टींतील बाणावली येथें झाला. नेसरीच्या लढाईनंतर दोन वर्षांनीं, १६७६ त, त्यांना याजकीय दीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षीं, ५ ऑगस्ट १६७७ रोजीं, त्यांनीं एक लेख लिहून स्वतःस पवित्र मरियेचा कायमचा दास म्हणून अर्पण केलें. ज्यांना स्वतःच्या बळाचा भरंवसा असतो ते असा लेख लिहीत नाहींत. आपण दुबळे आहों हें ज्याला पुरतें कळलें आहे, तोच आपली मालकी दुसऱ्याच्या हातीं देतो आणि मोकळा होतो.

सिलोन बेटाची हकीकत त्यांच्या कानीं आली होती. १६५८ पर्यंत डच लोकांनीं पोर्तुगिजांस तेथून हांकून दिलें होतें आणि कॅथॉलिक धर्मगुरूंस बंदी केली होती. जवळजवळ तीस वर्षें तेथील कॅथॉलिकांस मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हतें, मरणाच्या वेळीं अंत्यअभ्यंग नव्हतें. फादर वाझ यांनीं कानडा प्रांतांत तीन वर्षें काम केलें, मग परत येऊन गोव्यांतील देशी धर्मगुरूंच्या ओरेटरी संघांत ते सामील झाले, त्या संघाचे प्रमुख झाले, आणि १६८६ त तें प्रमुखपद सोडून, जुआंव नांवाच्या एका तरुण सेवकास सोबत घेऊन, दक्षिणेकडे निघाले.

१६८७ त तुतिकोरीनहून ते मजुराच्या वेषांत समुद्र ओलांडून गेले. वादळानें जहाज भरकटलें. जाफन्यास पोहोंचले ते अतिसारानें खंगून. धर्मगुरु म्हणून ओळख द्यावी तर डच पकडणार. न द्यावी तर कॅथॉलिक मंडळी सांपडणार कशी? त्यांनीं युक्ति केली. गळ्यांत जपमाळ घालून ते भीक मागत दारोदार फिरूं लागले, आणि ती माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख चमकते तें पाहूं लागले. तीस वर्षें दडवून ठेवलेली श्रद्धा अशा रीतीनें एका भिकाऱ्याच्या गळ्यांतील माळेस पाहून पुन्हां बोलूं लागली. आमच्या आजींच्या हातांत जी माळ आपण रोज पाहतों तिचा हा पराक्रम आहे!

भय संपलें असें मात्र नाहीं. मिस्सा रात्रीं, वेष पालटून, घर बदलून होत असे. डच शिपायांचे छापे पडत. १६९२ त ते कॅंडीच्या राज्यांत गेले, तेव्हां पोर्तुगिजांचा हेर समजून राजानें त्यांना कैदेंत टाकलें. कैदेंतच त्यांनीं सिंहली भाषेचा अभ्यास केला आणि अंगणांत लहानशी झोंपडी उभारून तेथें मिस्सा अर्पण केली. सिलोनला पोहोंचल्यापासून सुमारें दहा वर्षें ते त्या बेटावर एकटे धर्मगुरु होते. त्यानंतर गोव्याहून त्यांचे बंधु मदतीस येऊं लागले. १६९७ त कॅंडींत देवीची साथ आली. लोक आपल्याच माणसांस रानांत टाकून पळूं लागले, तेव्हां फादर वाझ त्या टाकलेल्यांस उचलून आणीत, त्यांना भरवीत, त्यांच्या जखमा धूत आणि मेलेल्यांस माती देत. धर्म कोणता हें त्यांनीं विचारलें नाहीं. १६ जानेवारी १७११ रोजीं कॅंडींतच त्यांनीं देह ठेवला. १९९५ त पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केलें आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबो येथें पोप फ्रान्सिस यांनीं संतपद दिलें.

खरी नम्रता आणि खोटी नम्रता

फादर वाझ यांच्या चरित्रांतील एक गोष्ट आमच्या विषयास फार उपयोगी आहे. त्यांच्या कार्याची कीर्ति रोमपर्यंत गेल्यावर त्यांना सिलोनचे प्रमुख धर्माधिकारी करावें असें वरिष्ठांच्या मनांत आलें. त्यांनीं तें नाकारलें. आपण त्या मानास योग्य नाहीं असें त्यांचें म्हणणें होतें. म्हणजे ‘मी योग्य नव्हे’ हे शब्द त्यांनींहि उच्चारले. मग त्यांच्या त्या शब्दांत आणि आपल्या शब्दांत भेद कोठें?

भेद असा. त्यांनीं मान नाकारला, काम नाकारलें नाहीं. मस्तकावर मुकुट नको म्हणाले, पण कुष्ठरोग्याची जखम, देवीच्या रोग्याची खाट, कैदेची कोठडी यांना नको म्हणाले नाहींत. आपण बहुधा याच्या उलट करतों. मान मिळाला तर आपण संकोचानें कां होईना पण घेतों; काम पुढें आलें कीं मात्र आपली अपात्रता आठवते. खऱ्या नम्रतेचें लक्षण हेंच कीं, ती मानापासून पळते आणि श्रमाकडे जाते; खोटी नम्रता श्रमापासून पळते आणि तें पळणें सद्गुणाच्या वस्त्राखालीं झांकते.

तथापि येथें फार कठोर होऊं नये. भय हें पाप नव्हे. फ्रान्स देशांतील आर्स गांवचे संत जॉन मेरी वियान्नी यांना अभ्यासांत, विशेषतः लॅटिन भाषेंत, अपयश येत असे; १८१५ त मोठ्या कष्टानें त्यांना दीक्षा मिळाली आणि १८१८ त त्या लहानशा खेड्यांत त्यांना पाठविलें. पुढें दूरदूरचे लोक पापनिवेदनासाठीं त्यांच्याकडे लोटूं लागले, तरी आत्म्यांची जोखीम आपणांस पेलत नाहीं या भयानें ते एकदां नव्हे, अनेकदां गांव सोडून जावयास निघाले. प्रत्येक वेळीं ते परत आले, आणि १८५९ त आर्स येथेंच कामावर असतां त्यांचा अंत झाला. आज ते सर्व धर्मग्रामीण धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आहेत. भय त्यांना शेवटपर्यंत सुटलें नाहीं. पण शेवटचा शब्द त्यांनीं भयाचा होऊं दिला नाहीं.

आणि ज्यांना ‘आम्हांस बोलतां येत नाहीं’ असें वाटतें, त्यांनीं फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण करावी. इंग्लंडांत जन्मलेले हे येशूसंघीय १५७९ त गोव्यास आले आणि १६१९ त मरेपर्यंत येथेंच राहिले. येथील भाषा त्यांना जन्मानें मिळाली नव्हती. शब्द शब्द विचारून ती मिळवावी लागली. ज्यांच्यामध्यें रहावयाचें त्यांच्या बोलींत चुकत माकत बोलण्याची लाज त्यांनीं धरली नाहीं, म्हणूनच १६१६ त छापलेलें, सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठीस लाभलें. जी भाषा आपणांस आईच्या दुधाबरोबर मिळाली, तिच्यांत प्रभूचें नांव घ्यावयास आपण कां लाजावें?

आपल्या घराजवळ

या कथा दूरच्या, मोठ्यांच्या, असें कोणी म्हणेल. म्हणून एक जवळची सांगतों. अहमदनगर जिल्ह्यांतील केंदळ या खेड्यांत काम करणारे जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं मराठी कॅथॉलिकांसाठीं ‘निरोप्या’ हें मासिक सुरू केलें. मराठी ही त्यांचीहि शिकलेली भाषा होती. वाचक थोडे, त्यांतहि वाचतां येणारे त्याहून थोडे. पण निरोप द्यावयाचा तर निरोप्या हवा, एवढा साधा विचार त्यामागें होता. १९०७ त ते पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धामुळें जर्मन मिशनऱ्यांना हा देश सोडावा लागला, आणि १९२१ त रोमनें त्यांना कोठें पाठविलें असेल? जपानांत, हिरोशिमा येथें! साठीच्या घरांत आलेल्या मनुष्यास पुन्हां नवा देश, नवी भाषा, नवे लोक. ते गेले. १९२७ त ते पुण्यास परत आले आणि १९४८ पर्यंत त्यांनीं येथील भार वाहिला. ज्या जपानांत वसईच्या गोन्सालोंनीं रक्त सांडलें, त्या जपानची सेवा महाराष्ट्राच्या एका बिशपांनीं केली, आणि मग ते आपल्याकडे परतले. परमेश्वराच्या कारभारांत अंतरें अशींच मिटतात.

आणि त्याहूनहि जवळचें पाहावयाचें तर आपलीं घरेंच पाहावीं. घाटमाथ्यावरील आपल्यासारख्या लहान वस्त्यांत श्रद्धा टिकली ती केवळ विद्वानांच्या व्याख्यानांनीं नव्हे. पावसांत वाटा बुडाल्या, ओढे भरले, धर्मगुरूंना येतां आलें नाहीं, तेव्हां संध्याकाळीं दिव्यापुढें मुलांना बसवून कोणी तरी माळ सुरू केली. आजाऱ्याच्या उशाशीं कोणी तरी क्रूस धरला. त्या ‘कोणी तरी’ची नांवें कोणत्याहि नोंदवहींत नाहींत. त्यांतील कित्येकींना अक्षरओळख नव्हती, आणि आपण योग्य आहों असें त्यांतील एकीलाहि वाटलें नसेल. त्यांनीं योग्यतेचा हिशेब केला नाहीं. माळ सुरू केली. ज्युबिली ज्यांची साजरी करावयाची ते हे लोक होत.

आतां पुढील पिढीचा प्रश्न आहे, आणि तो कठीण आहे. आपले तरुण पुण्या-मुंबईस, गोव्यास, बेळगांवास नोकरीधंद्यास जातात. घरीं राहतात त्यांना शेतीचीं व संसाराचीं ओझीं आहेत. धर्मगुरु किंवा धर्मभगिनी होण्याची हांक ज्याच्या अगर जिच्या कानीं येत असेल, तो वा ती आपल्या मनाशीं म्हणत असेल कीं, आमच्या घराण्यांत असें कोणी झालें नाहीं, आमची इंग्रजी चांगली नाहीं, आमचा भूतकाळ स्वच्छ नाहीं, एकदां आम्ही धीर सोडला आहे. त्यांना इतकेंच सांगावयाचें आहे: घराण्याची अडचण असेल तर गोन्सालोंकडे पाहा, जिभेची असेल तर मोशेकडे व फादर स्टीफन्स यांच्याकडे पाहा, अभ्यासाची असेल तर वियान्नींकडे, आणि एकदां माघार घेतल्याची असेल तर फेलिपेकडे पाहा. ज्यांना एवढी मोठी हांक नाहीं, त्यांनीं मथियासाकडे पाहावें. नांव पुकारलें गेलें आहे आणि उत्तर द्यावयास कोणी नाहीं, अशी वेळ प्रत्येक धर्मग्रामांत दर रविवारीं येत असते.

आणि वडीलधाऱ्यांस एक विनंती. गोन्सालोंना ज्यांनीं दारावरून परत पाठविलें ते वाईट लोक नव्हते; ते केवळ काळाच्या समजुतीनें वागले. आपल्याहि हातून असें होऊं नये. एखादा मुलगा वाचतांना अडखळला, एखादी मुलगी गातांना सूर चुकली, म्हणून हंसूं नका. आपलें हंसणें त्या मुलाच्या मनांत किती वर्षें राहील तें आपणांस कळत नाहीं. मोशेला परमेश्वरानें अहरोन दिला. आपण त्या मुलांचे अहरोन होऊं या.

प्रतापरावांची खिंड आमच्या गांवाजवळ आहे, ही आमची पुण्याई. तेथें जे सात गेले त्यांना परत यावयाचें नव्हतें. त्यांचें धैर्य एका क्षणाचें होतें आणि तें तेजस्वी होतें. आम्हांस जें धैर्य मागावयाचें आहे तें रोजचें आहे. तें भय नसण्याचें धैर्य नव्हे. भय असतांहि पुढें पाऊल टाकण्याचें, आणि पाऊल मागें गेलें तर पुन्हां तें पुढें टाकण्याचें धैर्य होय.

हे प्रभो, आम्ही योग्य नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे, आणि तुलाहि ठाऊक आहे. तरी तूं बोलावतोस. वसईच्या गोन्सालोंच्या व बाणावलीच्या जोसेफांच्या मध्यस्थीनें आमच्या या नेसरीच्या परिसरांतून तुझ्या मळ्यांत कामकरी पाठीव. आणि आम्हांस योग्य करण्यापूर्वींच उपयोगी कर. आमेन.